यादीतला अडतीस नंबर

“हा सतरा नंबर नव्हता,” फ्राऊ लोमान म्हणाल्या. “तेवीस होता.”

नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातमोजेसुद्धा अजून काढलेले नव्हते. दिवाणखान्यातल्या शिवणाच्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी मी चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि एवढंच बोलल्या. मला वाटलं, घरमालकीण मदत करतेय. मी कानामागची पेन्सिल काढली, सतरा खोडलं, तेवीस लिहिलं आणि म्हणाले, “आभारी आहे.”

असला गाढवपणा माणूस आयुष्यात एकदाच करतो. झाला ते बरं झालं, असं आज म्हणते. पण ते आज.

एकोणीसशे एकोणसत्तर सालचा उन्हाळा होता. मी विमल जगदाळे, वय तीस, पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकवायची. एक कादंबरी मराठीत आणायची म्हणून तीन-चार महिन्यांची शिष्यवृत्ती घेऊन पश्चिम जर्मनीतल्या एका नदीकाठच्या छोट्या गावात येऊन राहिले होते. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावावर एक अख्खी कादंबरी लिहिली गेली आहे, तेवढं त्यांना पुरे आहे.

कादंबरी लिहिणारा विंकेलहोफ याच गावचा, पोस्टमनचा मुलगा. आता दूर मोठ्या शहरात राहायचा आणि शहाणा असल्यामुळे गावाकडे फिरकायचा नाही. पुस्तकात गावाचं नाव बदललं होतं, माणसांची बदलली होती. गावात ते पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं. ग्रंथपालाने नाही, पाद्र्याने नाही, शाळेच्या हेडमास्तरांनी तर नाहीच. फक्त आपण कुठल्या पानावर आहोत, हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

माझं घोडं अडलं होतं चौथ्या प्रकरणावर. त्यात माणसंच नाहीत. बेचाळीस साली गावातल्या ज्यू कुटुंबांना गाडीत घालून पूर्वेकडे पाठवलं. त्यानंतर त्यांच्या घरातल्या सामानाचा खानावळीच्या वरच्या हॉलमध्ये सरकारी लिलाव झाला. प्रकरण म्हणजे त्या सामानाची यादी. एक्केचाळीस वस्तू. वस्तू कशी होती, कुठे टवका उडाला होता, बस्स. विंकेलहोफने रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. यादी दिली आणि पुढचं प्रकरण सुरू केलं.

पुण्याहून माझे प्रकाशक मालशे यांचं पत्र आलं होतं: “यादी गाळावी. मराठी वाचकाला जर्मनांच्या भांड्याकुंड्यांत रस असण्याचं कारण नाही. अर्ध्या वस्तू आपल्याकडे नसतात, उरलेल्या तुम्ही ‘एक प्रकारचं भांडं’ अशा लिहिल्या आहेत. दिवाळीपर्यंत नेमके शब्द मिळाले तर विचार करू, नाहीतर चौथं प्रकरण काढून पुस्तक छापायला देतो.” मालशे बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. आणि चौथं प्रकरण काढलं की त्या कादंबरीत उरतं काय? नदी, बदकं आणि एका शाळामास्तराचं प्रेम. माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात. तेव्हा काही झालं तरी यादी मला सोडवायची होती.

वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द सुचत नाही, ही माझी जुनी खोड. जर्मन शिकायला लागले तेव्हा पुण्याच्या आमच्या बाईंनी सांगितलं होतं, घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवा, येताजाता वाचा. मी सुट्टीत घरी आले आणि आधी चिकटवायला पिठाची खळ शिजवली. कराडजवळच्या आमच्या खेडेगावात पाट, उंबरा, फडताळ, वडिलांची काठी, सगळ्यांना जर्मन नावं लागली. म्हशीला चिठ्ठी लावली, ती म्हशीने खाल्ली. परातीतली आईने भाकरीबरोबर थापली. ती कधी रागावली नाही. एकच चिठ्ठी तिने टराटरा फाडली आणि एकोणीस वर्षांच्या घोड्या पोरीच्या मुस्काटात दिली. पीठ वाया जातं म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली.

तर त्या रविवारी फ्राऊ लोमान चर्चला गेल्या आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात खळ शिजवली. फ्राऊ लोमान, म्हणजे श्रीमती लोमान, विधवा, पासष्टीच्या. त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली होती. सहा आठवड्यांत त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. मला थंडी वाजते म्हणून जुलैत शेगडी पेटवायच्या, गोमांस खात नाही म्हटल्यावर मैत्रिणींना विचारून माझ्यासाठी लाल फळांची खीर शिकून आल्या. ‘जगदाळे’ त्यांच्या जिभेवर येईना. त्यांच्या भाषेत ‘ज’चा ‘य’ होतो. मी त्यांची फ्रॉइलाइन याग्दाले, म्हणजे कुमारी याग्दाले.

हातात यादी घेऊन मी घरभर फिरले. आणि काय नशीब बघा! सतरा नंबर, शिवणाचं टेबल, वर लाकडात जडवलेली चांदणी, चांदणीचं एक टोक निखळलेलं. समोर दिवाणखान्यात तस्सं टेबल. नऊ नंबर, वेताच्या बैठकीची खुर्ची. चार नंबर, कोंबड्याचं चित्र असलेलं भिंतीवरचं घड्याळ. बारा नंबर, सूप वाढायची डाव, दांडीवर द्राक्षं. एक्केचाळिसातल्या अकरा वस्तू एका घरात सापडल्या. मी हरखून गेले. मनात म्हटलं, आपल्याकडे जसा घरोघरी तांब्या तशी यांच्याकडे घरोघरी चांदणीची टेबलं असतील. टोक निखळण्याचीही एखादी पद्धत असेल. प्रत्येकीला चिठ्ठी लावली: नाव, यादीतला नंबर, पान.

आणि मग फ्राऊ लोमान आल्या, आणि “तेवीस” म्हणाल्या.

“पुस्तकात सतरा आहे,” मी म्हणाले. “पण तुमच्याकडे वेगळी आवृत्ती असेल तर...”

“तुम्हाला कुणी पाठवलं?”

“शिष्यवृत्तीच्या समितीने.”

“विंकेलहोफने नाही?”

“ते माझ्या पत्रांना उत्तरच देत नाहीत,” मी खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक झालेला पाहून मी घाईघाईने म्हणाले, “खळ गव्हाच्या पिठाची आहे हो. ओल्या फडक्याने निघते. पॉलिशला काही होत नाही.”

त्यांनी खुर्ची ओढली. खुर्चीवर चिठ्ठी होती. दुसरी ओढली, तिच्यावरही होती. मग त्या चालत बाहेर गेल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या.

“जिना आमचाच आहे,” त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: तेवीस हा खऱ्या लिलावातला नंबर होता. जर्मन वाङ्मयाची एम.ए., युद्धोत्तर कादंबरीवर निबंध लिहिलेला, आणि जिन्याने सांगावं लागलं.

“योहाना झेलिगमान,” फ्राऊ लोमान म्हणाल्या. “शेजारी राहायची. आता दातांचा डॉक्टर आहे ना, ते घर. त्या टेबलावर शिवायची. माझ्या लग्नाचा झगा तिने त्याच टेबलावर शिवला.”

मी उघड्या दारातून टेबलाकडे पाहिलं.

“आपण नाही घेतलं तर दुसरं कुणीतरी नेईल, असं सगळेच म्हणत होते. मी सांभाळायला घेतलं. ती आली की द्यायचं.”

“अकरा वस्तू?”

“आधी एकच घ्यायची होती,” त्या म्हणाल्या. मग हातमोजे काढून मांडीवर नीट ठेवले. “ती आली नाही. त्यांच्यापैकी कुणीच आलं नाही. मुलगी तेवढी आली, पन्नास साली. तिला लहानपणीच इंग्लंडला पाठवलं होतं म्हणून राहिली. दारात उभी होती. आईची एखादी वस्तू आहे का म्हणाली, कुठलीही. मी म्हटलं, काही उरलं नाही. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. तेवढ्यात घड्याळ वाजलं. कोंबड्याचं. पुरे अकरा ठोके. आम्ही दोघींनी ते ऐकले. मग ती म्हणाली, आभारी आहे. आणि गेली.”

फ्राऊ लोमान पुढे म्हणाल्या, “मघाशी तुम्ही तसंच म्हणालात. मला वाटलं, तिनेच तुम्हाला पाठवलं.”

मला राग आला, सरळच सांगते. ज्या डावेने ही बाई मला सहा आठवडे सूप वाढत होती ती बारा नंबर होती. आणि खोटं कशाला बोलू, रागाखाली थोडं बरंही वाटत होतं. आपण बाबा असल्या देशातल्या नाही! पुण्यात युद्धोत्तर जर्मन साहित्यावर परिसंवाद झाले की आम्ही हेच बोलायचो. एका राष्ट्राने आरशात कसं पाहावं, आपल्या नावाला लागलेला डाग कसा धुवावा, वगैरे. टाळ्या पडायच्या. मग चहा-बिस्किटं. आमच्या आरशाचा विषय कधी निघाला नाही. बुद्ध आमचे, गांधी आमचे, आम्हाला कशाला हवा आरसा?

“मी चिठ्ठ्या काढते,” मी म्हणाले.

“राहू द्या,” फ्राऊ लोमान म्हणाल्या. “गुरुवारपर्यंत राहू द्या.”

गुरुवारी दुपारी त्यांच्या तीन मैत्रिणी कॉफीला यायच्या. पंचवीस वर्षांचा रिवाज. चारच्या ठोक्याला बेल वाजायची, मिनिट मागे नाही की पुढे नाही. त्या गुरुवारी मी माडीवरच थांबणार होते, पण फ्राऊ लोमानांनी मला बोलावून घेतलं आणि माझ्याकडे केक कापायची सुरी दिली. या बायकांनी येणं बंद केलं तर त्या गावात त्यांच्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

बेल वाजली. तिघी आल्या, टोप्या काढल्या, आत आल्या. चिठ्ठ्या दिसल्या. न दिसायला काय झालं, पांढऱ्या शुभ्र, मोठ्या अक्षरात, नंबरांसकट. तिघी नेहमीच्या जागी बसल्या. फ्राऊ हार्म्स म्हणून बेकरीवाल्याची थोराड विधवा होती, ती नऊ नंबरवर बसली.

“यंदा पाऊस नाही,” पहिली म्हणाली.

“बटाट्याला वाईट,” दुसरी म्हणाली.

“लोणी चांगलं आहे केकमध्ये,” फ्राऊ हार्म्स म्हणाली.

“लोणी नेहमीचंच,” फ्राऊ लोमान म्हणाल्या.

असं पाऊण तास. बटाटे झाले, पाद्र्याचा सांधेदुखीचा त्रास झाला, कुणाच्या तरी सुनेचे आखूड झगे झाले. घड्याळाने साडेचारचा टोला दिला तेव्हा चौघींचे कप एकदम हवेत थांबले, मग खाली आले. मी इतकी घाबरले होते की केकचे चार तुकडे खाल्ले.

जाताना फ्राऊ हार्म्सने टोपी घातली, आरशात नीट केली, आणि आरशाकडे बघतच मला म्हणाली, “फ्रॉइलाइन, तुमच्या त्या यादीत एकतीस नंबर काय आहे?”

“अक्रोड फोडायचा चिमटा,” मी म्हणाले. “पितळी. खारीच्या आकाराचा.”

“त्याला तुमच्या भाषेत शब्द नसेल.”

“अजून सापडला नाही.”

“शेपटी ढिली आहे,” फ्राऊ हार्म्स म्हणाली. “शनिवारी या. फक्त शब्दासाठी.”

त्यानंतर गावाने जे केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता. कुणी कबुली दिली नाही, कुणी माफी मागितली नाही. विंकेलहोफचं पुस्तक अजूनही कुणी वाचलेलं नव्हतं. पण मला चहाला बोलावणी यायला लागली. फक्त शब्दासाठी. ग्रंथपालाच्या बायकोने कॉफी दळायचं यंत्र दाखवलं, पोटात छोटा खण असलेलं. हेडमास्तरांनी स्वतः मेणबत्तीदानांची जोडी आणून टेबलावर ठेवली आणि पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे राहिले. “ही जरा जड असतात,” एवढंच म्हणाले. एक म्हातारा तर वाटेत अडवून म्हणाला, “छत्री तुम्ही बघितली का? हस्तिदंती मुठीची? ती पंचावन्न साली बसमध्ये राहिली. फार वाईट वाटतं.” मी वहीत लिहून घेतलं.

मी बघायचे, हातात घ्यायचे, वजन बघायचे, आणि मराठी शब्द शोधायचे. कुणी कधी मला विचारलं नाही की मी काय विचार करते. मीही सांगितलं नाही. राग होता, पण मेणबत्तीदानांची जोडी आणून देणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर किती वेळ रागावणार?

सप्टेंबरच्या शेवटी यादी मालशांना पाठवली. उलट टपाली उत्तर आलं: “यादी वाचली. जेवण गेलं नाही. प्रकरण ठेवतो. मात्र अडतीस नंबर ढिसाळ आहे. ‘तांब्याचं मोठं भांडं’ म्हणजे काय? चाळीस वस्तू डोळ्यांसमोर येतात आणि इथे वाचक ठेचकाळतो. एक नेमका शब्द द्या. तो आल्याशिवाय प्रकरण कंपोझला देत नाही.”

मी पत्र घडी करून ठेवलं. त्याच दुपारी फ्राऊ लोमान बागेत फुलांना पाणी घालत होत्या. मागच्या पायरीजवळ तांब्याचं एक पसरट, मोठं भांडं होतं. त्याच्यात त्यांनी तांबडी फुलं लावली होती. दोन बाजूंना जाड कड्या. काठावर कधीतरी अक्षरं कोरलेली होती, ती घासून काढलेली.

“याला तुम्ही चिठ्ठी लावली नाही,” त्या म्हणाल्या.

“पावसात भिजली असती.”

“तीन आठवडे पाऊस पडलेला नाही.”

मी फुलांकडे बघायला लागले.

“अडतीस नंबर ना? झालं का त्याचं?”

“आमच्या भाषेत त्याला शब्द नाही,” मी म्हणाले.

“हिंदुस्थानात अंघोळीचं पाणी कशात घेतात?”

“बादलीत.”

“तांब्याची भांडी नसतातच?”

“नसतात,” मी म्हणाले. नीट, स्पष्ट, एकही चूक न करता. सहा-सात वर्षं जर्मन शिकवलेलं असल्यामुळे खोटंसुद्धा शुद्ध बोलता येत होतं.

फ्राऊ लोमानांनी झारी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी एखादी बाई बाजारात आपल्याच गावची दुसरी बाई ओळखते.

“मग चिठ्ठी घरी गेल्यावर लावा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा झारी उचलली.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी निघाले. आदल्या दिवशी त्यांनी कोंबड्याचं घड्याळ भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं, खोक्यात घातलं. योहानाच्या मुलीचा इंग्लंडचा पत्ता शेवटी विंकेलहोफकडून मिळाला. माझ्या पत्रांना नाही, पण त्यांच्या एका ओळीला त्याने उत्तर दिलं. घड्याळावरची माझी चिठ्ठी त्यांनी तशीच राहू दिली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. तिकडून काही उत्तर आलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

गावी पोचले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई परसात दगडावर बसून दिवाळीच्या अंघोळीचं घंगाळ चिंचेने घासत होती. हो, घंगाळ. तांब्याचं, मोठं, पसरट, दोन बाजूंना कड्या. नरकचतुर्दशीला आम्ही सगळे त्याच घंगाळातल्या पाण्याने न्हायचो. काठावर जिथे भांड्यावर नाव घालतात तिथे बोटभर लांब जागा ठोकून ठोकून चेपवलेली. अकरा वर्षांपूर्वी मी याच्यावर चिठ्ठी लावली होती आणि मुस्काटात खाल्ली होती.

मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले आणि यादी काढली.

“आई, वाचून दाखवू? जर्मनीच्या पुस्तकातलं.”

“वाच की,” ती म्हणाली. “काम काय थांबत न्हाई माजं.”

मी वाचायला लागले. एक नंबर, दोन नंबर. आई घासता घासता ऐकत होती. सतराला म्हणाली, “चांदनीचं टोक पडलं व्हय, आरारा.” एकतिसाला म्हणाली, “अक्रुड फोडाया पितळंची खार? असला छंद व्हय त्यास्नी?” बत्तीस-तेहतीसपर्यंत येता येता ती बोलायची थांबली.

“ही कुनाची भांडी म्हनायची, विमल?”

“ज्यांना गावातनं घालवलं त्यांची.”

“आन नेली कुनी?”

“शेजाऱ्यांनी.”

ती पुन्हा घासायला लागली. मी वाचत राहिले. “अडतीस. तांब्याचं मोठं भांडं. पसरट. दोन बाजूंना कड्या. काठावरचं नाव घासून काढलेलं.”

चिंच घासायचा आवाज थांबला.

“घंगाळ की गं त्ये,” आई म्हणाली.

मी मान वर केली नाही.

“मग लिव्ह की तसं. भांडं भांडं काय लावलंयस? घंगाळ म्हनत्यात त्येला.”

“लिहू?”

“लिव्ह.” तिने चिंचेचा गोळा त्या चेपवलेल्या जागेवरून फिरवला, एकदा, दोनदा. “तुज्या बापानं ठोकलं ह्ये. दोन दिस ठोकत हुता. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या, नाव काय खातंय का? तर म्हनला, कुनी बघंल.”

ते ठोकणं मला आठवत होतं. मी नऊ वर्षांची होते. मला वाटायचं, वडील घंगाळाला पोचा आलाय तो काढताहेत. अठ्ठेचाळीसचा फेब्रुवारी. गांधीजींचा खून झाला आणि आमच्या बाजूला ब्राह्मणांची घरं पेटली. आमच्या गावात एकच घर होतं, कुलकर्ण्यांचं. ते पेटलं तेव्हा मला आत कोंडून ठेवलं होतं. त्यानंतर कुलकर्णी पुण्याला गेले, एवढंच मला सांगितलं गेलं. जशी माणसं बदली होऊन जातात, तसं.

“कुलकर्ण्याच्या द्वारकाकाकीचं हाय,” आई म्हणाली. “तिच्या लग्नातलं. माहेरनं आल्यालं. समदी पळत हुती, समदं नेत हुती. म्या म्हनलं, आपन न्हाई घेतलं तर दुसरं कुनी न्हेईल. सांभाळाया आनलं. काकी आली की दिऊ म्हनलं.”

“आली का मग?”

आईने चिंचेचा गोळा खाली ठेवला. “आली हुती की. तू कालिजात जायच्या आदल्या साली. जमिनीच्या कागदासाठनं यष्टीनं आली. ह्याच दारात पानी पिली. म्या घाईघाईनं घंगाळावर गोनपाट टाकलं.”

“तिने पाहिलं?”

“कडी भाईर ऱ्हायली हुती.”

“काय म्हणाली?”

आईचे डोळे भरून आले. ती रडणारी बाई नव्हे. वडील गेले तेव्हासुद्धा तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

“कडीकडं बघितलं तिनं. मग म्हनली, सरू, तुजी पोरगी हुशार हाय. हितं कुजवू नकोस. शिकीव तिला, म्हनली. पुन्याला काय लागलं तर माज्याकडं धाड.” आईने पदराने नाक पुसलं. “म्या शिकीवलं तुला. पर तिच्याकडं न्हाई धाडलं. कुठल्या तोंडानं धाडू?”

बारा वर्षं मी पुण्यात होते. परिसंवादात बोलले होते. मला लाज वाटली. इतकी, की त्या परसातल्या दगडावर बसवेना.

मी पेन्सिल काढली. ‘तांब्याचं मोठं भांडं’ खोडलं आणि ‘घंगाळ’ लिहिलं. मालशांनी प्रकरण छापलं. कुणा समीक्षकाने लिहिलं की अनुवादात अस्सल मराठी वळण आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी आई घंगाळ पालथं घालून उठली, हात धुतले आणि म्हणाली, “ती तुजी चिठ्ठी लाव म्हनं ह्येला. आता न्हाई फाडत.”

“काय लिहू तिच्यावर?”

“तिचं नाव लिव्ह. आन पुन्याचा पत्ता हुडीक. दिवाळीच्या आत न्हेऊन दिऊ. दोघी जाऊ. यष्टीत मांडीवर बसंल त्ये.”

मी आत गेले आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजत ठेवली.